डॉनी डार्को (चित्रपट)

डॉनी डार्को हा २००१ साली प्रदर्शित झालेला इंग्रजी भाषेतील अमेरिकन मानसशास्त्रीय थरारपट आहे. त्याचे लेखन व दिग्दर्शन रिचर्ड केली यांनी केले असून दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट होय. जेक जिलेनहाल यांनी यात डॉनी या किशोरवयीन मुलाची भूमिका केली आहे. भास, कालप्रवास, कौटुंबिक जीवन, शालेय जीवनावरील उपहास आणि मृत्यूची भीती असे अनेक विषय या चित्रपटात एकत्र आले आहेत.

प्रथम प्रदर्शनाच्या वेळी हा चित्रपट तिकीटबारीवर अपयशी ठरला. पुढे डीव्हीडी आणि मध्यरात्रीचे खेळ यांच्या आधारे त्याला निष्ठावान प्रेक्षकवर्ग लाभला व त्याची गणना ‘कल्ट’ चित्रपटांत होऊ लागली. तथापि त्याच्या गुणवत्तेविषयी प्रेक्षकांमध्ये एकमत झालेले नाही. कथानकातील संदिग्धता हा दोष आहे की हेच चित्रपटाचे बलस्थान आहे, हा या मतभेदाचा केंद्रबिंदू आहे. २००४ साली दिग्दर्शकाने अधिक स्पष्टीकरण देणारी आवृत्ती काढल्यानंतर हा वाद मिटण्याऐवजी अधिक तीव्र झाला.

कथानक

(या विभागात चित्रपटाचा शेवट उघड केलेला आहे.)

कथा व्हर्जिनिया राज्यातील मिडलसेक्स या उपनगरात २ ऑक्टोबर १९८८ रोजी सुरू होते. मायकेल डुकाकिस आणि जॉर्ज बुश यांच्यातील राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे ते दिवस आहेत. डॉनी डार्को हा बुद्धिमान पण अस्वस्थ मुलगा असून त्याला झोपेत चालण्याची सवय आहे. पूर्वी एक ओसाड घर जाळल्याच्या प्रकरणात तो अडकलेला असून मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लिलियन थर्मन यांच्याकडे त्याच्यावर उपचार चालू आहेत. त्या रात्री सशाचा भयावह पोशाख घातलेली फ्रँक नावाची आकृती त्याला घराबाहेर बोलावते आणि २८ दिवस, ६ तास, ४२ मिनिटे व १२ सेकंदांनी जगाचा अंत होईल असे सांगते. सकाळी डॉनीला गोल्फच्या मैदानावर जाग येते. घरी परतल्यावर त्याला कळते, की एका विमानाचे जेट इंजिन त्याच्याच शयनकक्षावर कोसळले आहे. हे इंजिन कोणत्या विमानाचे, हे अधिकाऱ्यांना सांगता येत नाही.

त्यानंतरच्या दिवसांत फ्रँकच्या सांगण्यावरून डॉनी शाळेची जलवाहिनी फोडतो आणि जिम कनिंगहॅम या लोकप्रिय प्रेरणादायी वक्त्याच्या घराला आग लावतो. या आगीमुळे कनिंगहॅमचे बाललैंगिक शोषणाशी संबंधित गुन्हे उघडकीस येतात. दरम्यान, सावत्र वडिलांच्या हिंसेमुळे नाव बदलून आईसह गावात राहायला आलेल्या ग्रेचन रॉस हिच्याशी डॉनीचे प्रेम जुळते. विज्ञानशिक्षकाकडून त्याला गावातील वृद्ध रॉबर्टा स्पॅरो यांनी लिहिलेले कालप्रवासावरील पुस्तक मिळते. फ्रँकने सांगितलेली मुदत संपत आली असताना एका मोटारीखाली सापडून ग्रेचनचा मृत्यू होतो. मोटार चालवणारा तरुण सशाच्या पोशाखातील फ्रँक असतो. डॉनी त्याला गोळी घालतो. आकाशात आवर्त उठतो, डॉनीची आई व धाकटी बहीण ज्या विमानात आहेत त्याचे इंजिन निखळते आणि काळ २८ दिवस मागे जातो. या वेळी डॉनी अंथरुणातच थांबतो व इंजिन कोसळून त्याचा मृत्यू होतो. शेवटच्या प्रसंगात ग्रेचन डॉनीला ओळखत नाही, तरीही त्याच्या आईकडे पाहून ती हात हलवते.

प्रमुख पात्रे व कलाकार

• डॉनी डार्को – जेक जिलेनहाल
• ग्रेचन रॉस – जेना मॅलोन
• रोझ डार्को, डॉनीची आई – मेरी मॅकडॉनेल
• एडी डार्को, डॉनीचे वडील – होम्स ऑस्बोर्न
• एलिझाबेथ डार्को, मोठी बहीण – मॅगी जिलेनहाल
• सामंथा डार्को, धाकटी बहीण – डेव्ही चेस
• डॉ. लिलियन थर्मन – कॅथरिन रॉस
• कॅरन पॉमरॉय, इंग्रजीच्या शिक्षिका – ड्रू बॅरीमोर
• केनेथ मॉनिटॉफ, विज्ञानशिक्षक – नोआ वाईल
• किटी फार्मर, व्यायामशिक्षिका – बेथ ग्रँट
• जिम कनिंगहॅम – पॅट्रिक स्वेझी
• फ्रँक – जेम्स डुव्हाल
• शेरिटा चेन – जोलीन पर्डी
• रॉबर्टा स्पॅरो – पेशन्स क्लीव्हलँड

डॉनी व एलिझाबेथ यांच्या भूमिका करणारे जेक आणि मॅगी जिलेनहाल हे प्रत्यक्षातही भाऊबहीण आहेत. पुढे विनोदी अभिनेते म्हणून प्रसिद्धीस आलेले सेथ रोगन यांची यात छोटी भूमिका आहे.

निर्मिती

रिचर्ड केली यांनी युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया येथे चित्रपटाचे शिक्षण घेतले. पदवीनंतर थोड्याच काळात, वयाच्या विशीत असताना, त्यांनी ही पटकथा लिहिली. स्वतःच दिग्दर्शन करण्याचा त्यांचा आग्रह असल्याने नवख्या दिग्दर्शकावर पैसे लावण्यास निर्माते सहजी तयार होत नव्हते. ड्रू बॅरीमोर यांच्या फ्लॉवर फिल्म्स या संस्थेने प्रकल्पात रस घेतल्यावर तो मार्गी लागला. सुमारे ४५ लाख डॉलर इतक्या, हॉलीवूडच्या मानाने अल्प, खर्चात चित्रपट पूर्ण झाला. कथा व्हर्जिनियात घडत असली तरी चित्रीकरण २००० सालच्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात झाले. चित्रीकरणास २८ दिवस लागले. कथेतील जगाच्या अंताची मुदतही तेवढ्याच दिवसांची आहे. छायालेखन स्टीव्हन पोस्टर यांनी, तर पार्श्वसंगीत मायकेल अँड्र्यूज यांनी केले.

प्रदर्शन व उत्पन्न

चित्रपट प्रथम जानेवारी २००१ मध्ये सनडान्स चित्रपट महोत्सवात दाखवण्यात आला. अमेरिकेत तो २६ ऑक्टोबर २००१ रोजी मोजक्या चित्रपटगृहांत लागला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांना तेव्हा जेमतेम दीड महिना उलटला होता. विमानाचे इंजिन घरावर कोसळण्याच्या घटनेभोवती फिरणाऱ्या चित्रपटाची जाहिरात करणे त्या वातावरणात कठीण होते. अमेरिकेतील पहिल्या प्रदर्शनात त्याचे उत्पन्न सुमारे ५ लाख १७ हजार डॉलर, म्हणजे निर्मितीखर्चाच्या आठव्या भागाहूनही कमी झाले.

२००२ साली डीव्हीडी बाजारात आल्यावर परिस्थिती पालटली. तरुण प्रेक्षकांनी तो घरी पाहिला, पुन्हा पाहिला आणि मित्रांना दाखवला. न्यूयॉर्कमधील पायोनियर या लहान चित्रपटगृहात त्याचे मध्यरात्रीचे खेळ दोन वर्षांहून अधिक काळ चालले. ऑक्टोबर २००२ मध्ये तो ब्रिटनमध्ये प्रदर्शित झाला व तेथे त्याला अमेरिकेपेक्षा अधिक चांगला प्रतिसाद मिळाला. चित्रपटाच्या शेवटी येणारे ‘मॅड वर्ल्ड’ हे गीत मूळचे टीअर्स फॉर फिअर्स या ब्रिटिश गटाचे आहे. मायकेल अँड्र्यूज व गॅरी ज्यूल्स यांनी ते संथ लयीत नव्याने सादर केले. २००३ च्या नाताळात हे गीत ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर होते आणि त्यामुळे चित्रपटाचे नाव तो न पाहिलेल्यांपर्यंतही पोहोचले.

अर्थाविषयीची मते

चित्रपटात नेमके काय घडते याविषयी प्रेक्षकांमध्ये तीन प्रमुख मते आढळतात.

पहिल्या मतानुसार ही विज्ञानकथा आहे. मूळ विश्वातून एक अस्थिर उपविश्व फुटले असून ते २८ दिवसांत कोसळणार आहे. जेट इंजिन ही त्या उपविश्वातून आलेली वस्तू असून ती परत पाठवण्याचे काम डॉनीवर आले आहे. भोवतालची माणसे, विशेषतः ज्यांचा पुढे मृत्यू होणार आहे असे फ्रँक आणि ग्रेचन, त्याला कळत नकळत त्या दिशेने ढकलत असतात. या मताला रॉबर्टा स्पॅरो यांच्या काल्पनिक पुस्तकाचा आधार आहे. मूळ चित्रपटात या पुस्तकातील मजकूर जवळजवळ दिसत नाही, मात्र डीव्हीडीवर त्याची पाने पुरवणी म्हणून देण्यात आली होती.

दुसऱ्या मतानुसार ही एका आजारी मुलाच्या मनाची कथा आहे. डॉ. थर्मन डॉनीच्या आईवडिलांना त्याची लक्षणे पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाशी जुळणारी असल्याचे सांगतात. फ्रँकचे आदेश, जगाच्या अंताची खात्री आणि आपल्यावर विशेष जबाबदारी सोपवली गेल्याची भावना यांकडे हे प्रेक्षक भास व भ्रम म्हणून पाहतात.

तिसरे मत अध्यात्माकडे झुकणारे आहे. रॉबर्टा स्पॅरो डॉनीच्या कानात सांगतात, की प्रत्येक सजीव एकटाच मरतो. देव नसेल तर मरण निरर्थक आहे का, हा प्रश्न डॉनीला तेव्हापासून छळतो. इतरांना वाचवण्यासाठी तो स्वेच्छेने मृत्यू पत्करतो, असे मानणारे प्रेक्षक शेवटाकडे आत्मबलिदान म्हणून पाहतात. डॉनी व ग्रेचन चित्रपटगृहात जातात त्या प्रसंगी बाहेरच्या फलकावर ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट’ या १९८८ सालच्या चित्रपटाचे नाव झळकते, याकडे या संदर्भात लक्ष वेधले जाते.

मूळ आवृत्तीत यांपैकी कोणत्याही एका मताने सर्व प्रसंगांची संगती पूर्णपणे लागत नाही. सर्व काही भास मानले तर बिनविमानाच्या इंजिनाचे स्पष्टीकरण उरते. विज्ञानकथा मानली तर तिचे नियम पडद्यावर सांगितलेले नाहीत. बलिदान मानले तर मृत्यूच्या क्षणी डॉनी का हसतो, हे प्रत्येकाने स्वतः ठरवावे लागते.

अनुकूल मते

चित्रपट आवडणारे प्रेक्षक सामान्यतः कथानकापेक्षा त्यातील वातावरण व माणसे यांवर भर देतात. शांत, सुस्थित उपनगराच्या पृष्ठभागाखाली दडलेली अस्वस्थता, संथपणे सरकणारा कॅमेरा आणि १९८० च्या दशकातील गीतांचा वापर यांचा उल्लेख वारंवार होतो. शाळेच्या आवारात विद्यार्थी व शिक्षकांची ओळख करून देणारा, संवादाविना केवळ गीताच्या साथीने चालणारा प्रसंग विशेष नावाजला गेला आहे.

डार्को कुटुंबाच्या चित्रणाचेही कौतुक होते. किशोरवयीनांच्या चित्रपटांत आईवडील बहुधा जुलमी किंवा मूर्ख दाखवले जातात. येथे ते मुलावर प्रेम करणारे, विनोदबुद्धी असलेले आणि त्याच्या आजारापुढे हतबल झालेले आहेत. आपला मुलगा वेडा असल्याने कसे वाटते, असे डॉनी आईला विचारतो तेव्हा तिने दिलेला प्रेमळ होकार अनेकांना चित्रपटातील सर्वांत हृद्य क्षण वाटतो. जेक जिलेनहाल यांनी डॉनीचे एकाच वेळी धोकादायक, हळवे आणि मिश्कील असणे प्रभावीपणे उभे केले, हे चित्रपट न आवडलेले प्रेक्षकही सहसा मान्य करतात.

भीती आणि प्रेम या दोनच भावनांत सारे मानवी वर्तन बसवणाऱ्या कनिंगहॅमच्या शिकवणीला डॉनी वर्गात विरोध करतो. माणसाच्या भावनांचा सगळा पट अशा एका रेषेवर मांडता येत नाही, हे त्याचे म्हणणे अनेक तरुण प्रेक्षकांना आपलेच वाटले. मोठ्यांच्या सोप्या उत्तरांवरचा हा अविश्वास चित्रपटाच्या लोकप्रियतेचे एक महत्त्वाचे कारण मानला जातो.

आक्षेप

चित्रपटावरील सर्वांत सामान्य आक्षेप असा, की तो अनेक धागे उभे करतो पण ते शेवटी जुळत नाहीत. काही प्रेक्षकांच्या मते येथे गहनतेचा केवळ आभास आहे. स्पष्टीकरण डीव्हीडीच्या पुरवणीत शोधावे लागत असेल तर ते चित्रपटाचे अपयशच होय, असे ते म्हणतात. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी मूळ आवृत्तीला चारपैकी अडीच तारे दिले होते. चित्रपटाची मांडणी वेधक असली तरी तिची फलनिष्पत्ती समाधानकारक नाही, असा त्यांच्या परीक्षणाचा आशय होता.

दुसरा आक्षेप उपहासाच्या असमतोलाविषयी आहे. डार्को कुटुंब बारकाईने रंगवले असताना किटी फार्मर आणि कनिंगहॅम ही पात्रे व्यंगचित्राच्या पातळीवर राहतात. कनिंगहॅमचे गुन्हे उघड झाल्यामुळे डॉनीने लावलेल्या आगीचे आपोआप समर्थन होते, आणि त्यामुळे तिच्याविषयीचा नैतिक प्रश्न चित्रपटाला टाळता येतो, असेही म्हटले जाते.

तिसरा आक्षेप स्त्री-पात्रांविषयीचा आहे. ग्रेचनला स्वतःचा वेदनादायक इतिहास असूनही कथेतील तिचे मुख्य काम डॉनीला प्रेम देणे आणि त्याच्या निर्णयाला कारण ठरेल असा मृत्यू पत्करणे एवढेच उरते. वर्गात चेष्टेचा विषय झालेली शेरिटा चेन ही चिनी वंशाची विद्यार्थिनी सहानुभूतीने दाखवली असली, तरी तिला फारसे बोलू दिलेले नाही. किशोरवयीन एकाकीपणाविषयीच्या चित्रपटात सर्वांत एकाकी मुलगीच अबोल राहावी, ही उणीव नंतरच्या काळातील प्रेक्षकांना अधिक जाणवते.

मानसिक आजाराचे चित्रण

डॉनीच्या आजाराचे चित्रण हा या चित्रपटावरील चर्चेतील सर्वांत गंभीर भाग आहे. एका बाजूस, आजारी किशोराला खुनशी किंवा हास्यास्पद न ठरवता त्याच्याच नजरेतून जग दाखवल्याबद्दल चित्रपटाची प्रशंसा होते. औषधे घेणे, उपचारांची लाज वाटणे, आपल्यामुळे घरच्यांना होणारा त्रास जाणवणे आणि उपचारतज्ज्ञासमोर भीती कबूल करणे हे अनुभव तोवरच्या किशोरपटांत क्वचितच इतक्या आत्मीयतेने आले होते.

दुसऱ्या बाजूस, विज्ञानकथेचा अर्थ स्वीकारला तर डॉनीला ऐकू येणारा आवाज खरा ठरतो आणि त्याचे पालन करणे योग्य ठरते. स्किझोफ्रेनियामध्ये भास व भ्रम रुग्णाला खरेच वाटतात, आणि उपचारांचा मोठा भाग त्यांची पकड सैल करण्याचा असतो. आजार म्हणजे विशेष दृष्टी आणि मृत्यू म्हणजे सर्वांच्या दुःखावरचा उपाय, असा अर्थ एखादा त्रस्त तरुण प्रेक्षक काढू शकतो, ही चिंता त्यामुळे व्यक्त होते. शेवटी डॉनी नसलेले जग पूर्ववत चालू राहते. तथापि त्याच शेवटात त्याची आई घराबाहेर सुन्न उभी आहे आणि वडील व बहिणी रडत आहेत. डॉनीचा मृत्यू चित्रपटाने सुखद केलेला नाही, असे मानणारे या दृश्याकडे बोट दाखवतात.

दिग्दर्शकीय आवृत्ती

२००४ साली सिएटल आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात चित्रपटाची दिग्दर्शकीय आवृत्ती दाखवण्यात आली. मूळ चित्रपट ११३ मिनिटांचा असून या आवृत्तीत सुमारे २० मिनिटांची भर आहे. कौटुंबिक व शालेय जीवनातील काही प्रसंग वाढवलेले असून स्पॅरो यांच्या पुस्तकातील उतारे पडद्यावर दिसतात. प्रारंभीचे गीत बदलून इनएक्सेस या ऑस्ट्रेलियन गटाचे गीत घेण्यात आले आहे. एका नव्या प्रसंगात डॉ. थर्मन डॉनीला सांगतात, की त्याच्या गोळ्यांमध्ये कोणतेही औषधी द्रव्य नव्हते.

या बदलांमुळे विज्ञानकथेचा अर्थ अधिकृत झाला आणि उर्वरित दोन अर्थ मागे पडले. कथानक समजत नसल्याची तक्रार असलेल्या काही प्रेक्षकांनी या आवृत्तीचे स्वागत केले. ईबर्ट यांनीही तिला तीन तारे, म्हणजे मूळ आवृत्तीपेक्षा अर्धा तारा अधिक दिला. मात्र चित्रपटाच्या जुन्या चाहत्यांपैकी अनेकांची निराशा झाली. पुस्तकातील पारिभाषिक उतारे वेग मंदावतात, डॉनी हा स्वतः निवड करणारा मुलगा न राहता नियमांनी चालवलेले प्यादे वाटतो, आणि जे प्रेक्षकाने स्वतः शोधायचे ते आयते हाती दिले जाते, हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. गोळ्यांच्या प्रसंगामुळे आजाराची शक्यता आणखी दुबळी होते, याकडेही लक्ष वेधले गेले.

चित्रपटाची कोणती आवृत्ती प्रथम पाहावी या प्रश्नाला बहुसंख्य जाणकार प्रेक्षक ‘मूळ आवृत्ती’ असे उत्तर देतात. दिग्दर्शकीय आवृत्ती त्यानंतर, टीपग्रंथासारखी पाहावी, असे त्यांचे मत आहे.

नंतरचा प्रभाव

२००९ साली ‘एस. डार्को’ हा उत्तरभाग निघाला. त्यात सामंथाची भूमिका पुन्हा डेव्ही चेस यांनी केली. रिचर्ड केली यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. या उत्तरभागाला प्रेक्षक व समीक्षक दोघांकडूनही प्रतिकूल प्रतिसाद मिळाला.

केली यांचा ‘साउथलँड टेल्स’ हा पुढचा चित्रपट २००६ च्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला व त्याच्यावर कठोर टीका झाली. त्यानंतर २००९ साली त्यांचा ‘द बॉक्स’ प्रदर्शित झाला. या चित्रपटांच्या अपयशामुळे काही प्रेक्षकांनी ‘डॉनी डार्को’चे यश योगायोगाचे मानले. अल्प निधी व कमी लांबी यांच्या बंधनांमुळे दिग्दर्शकाला बरेच काही न सांगता सोडावे लागले आणि त्यातूनच मूळ आवृत्तीचा परिणाम साधला, असे त्यांचे म्हणणे आहे. इतरांच्या मते विविध विषय निर्भयपणे एकत्र आणण्याची केली यांची वृत्ती सर्व चित्रपटांत सारखीच असून येथे तिला डॉनी व त्याच्या कुटुंबाच्या रूपाने भावनिक आधार मिळाला.

२०१६ साली, प्रदर्शनाला १५ वर्षे पूर्ण होताना, दोन्ही आवृत्त्यांचे फोर-के दर्जाचे पुनरुज्जीवन करून चित्रपट ब्रिटनमधील चित्रपटगृहांत पुन्हा दाखवण्यात आला. पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी लहान असलेल्या पिढीने तो अशा प्रकारे मोठ्या पडद्यावर पाहिला, आणि मूळ आवृत्ती श्रेष्ठ की दिग्दर्शकीय, हा वादही तिच्याकडे आला.